वाचक विचारतात : सहा मिनिटांचे एक गाणे

गेल्या अंकात या सदरात ध्वनिमुद्रणाच्या जुन्या पद्धतींविषयी लिहिताना ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या गाण्याचा एका वाक्यापुरता उल्लेख आला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्या एकाच गाण्याला द्यावे, असे मला वाटले. ज्यांनी ते ऐकलेले नाही त्यांच्यासाठी एवढे सांगते की, हे गाणे ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ब्रिटनमध्ये ‘सिंगल’ म्हणून, म्हणजे एका बाजूला एकच गाणे असलेल्या छोट्या तबकडीवर निघाले. ते ५ मिनिटे ५५ सेकंदांचे आहे. आरंभी साथीविना समूहस्वर, मग पियानोवरचे संथ गीत, गिटारची छोटी सुरावट, त्यानंतर एकदम ऑपेराचा थाट, मग दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा संथपणा, असा त्याचा प्रवास आहे. ध्रुवपद म्हणावे असे त्यात काहीही नाही.

*प्रश्न : या गाण्याचे कवी, संगीतकार आणि गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शिक्षण आमच्या पाचगणीत झाले, हे मी नातवाकडून ऐकले. हे खरे आहे का? आणि खरे असेल तर या गाण्यात भारतीय संगीताचा काही अंश आहे, असे म्हणता येईल का? — एक निवृत्त शिक्षिका, सातारा*

पहिली गोष्ट पूर्णपणे खरी आहे. मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बलसारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये, मूळच्या गुजरातेतील पारशी कुटुंबात झाला. आठव्या-नवव्या वर्षी त्यांना पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. शाळेला सुट्टी लागली की ते मुंबईला नातेवाइकांकडे जात. ‘फ्रेडी’ हे नाव शाळेतल्या मित्रांनी दिले. पियानोचे रीतसर शिक्षण तिथेच झाले आणि ‘हेक्टिक्स’ हा पाच मुलांचा पहिला बँडही तिथेच जमला. त्या बँडमध्ये ते पियानो वाजवत. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली, त्यानंतर कुटुंब इंग्लंडला गेले आणि लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात राहू लागले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र होकार देणे मला जमणार नाही, जरी तसे उत्तर देण्याचा मोह कोणत्याही मराठी लेखकाला होईल. या गाण्यात राग नाही, आपल्या अर्थाने ताल नाही आणि आपल्या गायकीची एकही हरकत नाही. त्याचा सगळा डोलारा हार्मनीवर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या उंचीवर गायल्या जाणाऱ्या स्वरांच्या मेळावर उभा आहे, आणि ती युरोपीय संगीताची रीत आहे. पाचगणीने त्यांना जे दिले ते वेगळे होते आणि माझ्या मते अधिक टिकाऊ होते. डोंगरावरच्या त्या इंग्रजी वळणाच्या शाळेत त्यांना पियानोसमोर शिस्तीने बसण्याची सवय लागली आणि चार मित्रांबरोबर एकत्र वाजवण्याचा आनंद मिळाला. ‘बोहेमियन रॅप्सडी’ पियानोवर रचलेले आहे. त्यातला सर्वांत आक्रमक रॉक तुकडाही मर्क्युरी यांना पियानोवरच सुचला आणि तो गिटारवर बसवताना हाताला अवघड जात असे, असे गिटारवादक ब्रायन मे यांनी सांगितले आहे. पाचगणीचा धागा शोधायचाच असेल तर मी तो त्या पियानोच्या पट्ट्यांवर शोधेन.

*प्रश्न : आम्हा चार मित्रांचा कॉलेजात बँड आहे. या गाण्यात १८० आवाज आहेत असे वाचले, पण त्या काळी टेपवर २४ ट्रॅकच असत असेही वाचले. मग हे गणित कसे बसते? आणि संगणकाशिवाय हे काम झाले तरी कसे? — एक विद्यार्थी, पुणे*

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

ध्वनिमुद्रणाची सुरुवात ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या मॉनमथ गावाजवळच्या रॉकफिल्ड स्टुडिओत झाली. हा स्टुडिओ एका शेतवाडीवर आहे आणि तिथे कलाकारांच्या राहण्याची सोय असल्यामुळे दिवसरात्र काम करता येत असे. त्यानंतर उरलेले काम लंडनच्या वेगवेगळ्या स्टुडिओंत चालू राहिले. निर्माते होते रॉय थॉमस बेकर आणि ध्वनिमुद्रण अभियंता होते माइक स्टोन. प्रथम मर्क्युरी यांचा पियानो, जॉन डीकन यांचा बेस, म्हणजे खर्जाची गिटार, आणि रॉजर टेलर यांचे ड्रम्स असा पायाचा ट्रॅक वाजवून घेतला गेला, आणि तोसुद्धा तुकड्यातुकड्यांत. ऑपेराच्या भागासाठी मधे कोरी टेप जोडून ठेवली होती. संपूर्ण गाणे त्या वेळी केवळ मर्क्युरी यांच्या डोक्यात होते. बाकीच्यांना त्यांनी कागदाच्या कपट्यांवर लिहिलेली स्वरांची अक्षरे दिसत, परंतु ती एकमेकांत कशी बसणार आहेत, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक असे.

आता आपले गणित. दोन इंच रुंदीच्या टेपवर शेजारी शेजारी २४ पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्यावर एक स्वतंत्र आवाज घेता येतो. समजा, त्यातले काही पट्टे वाद्यांनी व्यापले आहेत. उरलेल्या पट्ट्यांवर गायकांनी एक ओळ पुनःपुन्हा गायली, मग ते सगळे पट्टे एकत्र मिसळून एकाच रिकाम्या पट्ट्यावर उतरवले आणि आधीचे पट्टे पुसून पुन्हा मोकळे केले. त्या मोकळ्या पट्ट्यांवर पुढचा स्वर गायचा आणि पुन्हा तेच करायचे. असे करत गेल्यास पट्टे २४च राहतात, पण त्यांत साठलेले आवाज १८०पर्यंत जाऊ शकतात. हा व्यवहार फुकट होत नाही. प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढते आणि आवाजाची धार थोडी बोथट होते. या गाण्यातले काही आवाज आठव्या उतरवणीपर्यंत पोहोचले होते. शिवाय एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत; म्हणजे तिसऱ्या दिवशीची चूक दहाव्या दिवशी लक्षात आली तर मधली सगळी मेहनत वाया जाते. टेप यंत्राच्या ‘हेड’वरून, म्हणजे आवाज टिपणाऱ्या आणि वाजवणाऱ्या भागावरून, इतक्या वेळा फिरली होती की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडात धरली तर तिच्यातून आरपार दिसू लागले, अशी आठवण मे यांनी सांगितली आहे.

ऑपेराच्या भागात गाणारे फक्त तिघे होते : मर्क्युरी, मे आणि टेलर. डीकन यांनी त्यात गायलेले नाही. हे तिघे दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास गात. टेलर यांचा आवाज सर्वांत वर जात असे, मे खालची बाजू सांभाळत आणि मर्क्युरी यांचा भरदार आवाज मधला भाग भरून काढत असे. हा भाग आधी अगदी छोटा ठरला होता. परंतु त्यात ‘गॅलिलिओ’ हा शब्द पुनःपुन्हा गायला जातो; मर्क्युरी रोज येऊन आणखी एक ‘गॅलिलिओ’ वाढवू या म्हणत आणि बेकर टेपचा आणखी एक तुकडा कापून मधे जोडत. एकट्या या भागाला सुमारे तीन आठवडे लागले, असे बेकर यांनी सांगितले आहे; त्या काळी तेवढ्या वेळात अख्खा अल्बम पुरा होत असे.

एक गोष्ट हेडफोन लावून जरूर ऐका. ‘मॅग्निफिको’ या शब्दाचे स्वर एकामागून एक वेगवेगळ्या दिशांना पेरलेले आहेत आणि प्रत्येक नवा स्वर येताना आधीचा थांबत नाही, तो वाजतच राहतो. देवळातल्या निरनिराळ्या घंटा एकामागोमाग वाजवल्यावर नाद जसा साठत जातो, तसा हा परिणाम आहे आणि ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात त्याला घंटेचेच नाव आहे. आरंभीच्या साथीविना समूहस्वरात मात्र चौघे जण गात आहेत असे वाटले तरी ते सारे आवाज एकट्या मर्क्युरी यांचे आहेत.

आपण स्वतः मुद्रण करता म्हणून एक आग्रहाची सूचना करते. आज संगणकावर ट्रॅकची मर्यादा उरलेली नाही, म्हणून एकदा गायलेली ओळ दहा वेळा चिकटवण्याची सवय लागते. तसे केल्याने आवाज मोठा होतो, पण समूह तयार होत नाही. तोच माणूस तीच ओळ दुसऱ्यांदा गातो तेव्हा श्वास किंचित मागेपुढे पडतो, स्वर केसभर हलतो, आणि या बारीक फरकांतूनच दहा जणांचा भास निर्माण होतो. चौघांनी प्रत्येक ओळ खरोखर पाच-पाच वेळा गाऊन पाहा. पहिल्याच दिवशी फरक कळेल.

*प्रश्न : मधल्या भागाच्या शेवटी जो अतिशय उंच स्वर येतो, तो एखाद्या स्त्रीचा आहे का? — कोल्हापूर*

नाही. तो ड्रम्स वाजवणारे रॉजर टेलर यांचा आहे. तो त्यांनी फॉल्सेटोमध्ये, म्हणजे पुरुषाच्या सहज आवाजाच्या पलीकडच्या पातळ आवाजात लावला आहे, आणि तरीही त्याची धार कायम राहिली आहे.

*प्रश्न : रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालत असताना कंपनीने सहा मिनिटांची तबकडी काढलीच कशी? मी रेकॉर्ड-विक्रीच्या व्यवसायात तीस वर्षे होतो, म्हणून याविषयी विशेष कुतूहल आहे. — नागपूर*

कंपनीला ते नको होते, हे आपण ओळखलेच असेल. ‘क्वीन’ची त्या वेळची परिस्थितीही समजून घ्यायला हवी. १९७४ साली ‘किलर क्वीन’ हे त्यांचे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले होते. नाव झाले होते, परंतु हातात पैसा नव्हता. जुन्या व्यवस्थापनाशी काडीमोड घेऊन ते नुकतेच जॉन रीड यांच्याकडे आले होते. अशा वेळी कोणताही व्यवहारी माणूस छोटे, हसरे, सहज गुणगुणता येईल असे गाणे पुढे करील. ईएमआय कंपनीच्या लोकांना वाटत होते की गाणे कापावे, नाहीतर रेडिओवाले त्याला हात लावणार नाहीत. बँडने कापायला ठाम नकार दिला. वाजेल तर सगळे वाजेल, ही त्यांची भूमिका होती.

कोंडी फोडली ती लंडनच्या कॅपिटल रेडिओचे निवेदक केनी एव्हरेट यांनी. ते मर्क्युरी यांचे स्नेही होते. त्यांच्याकडे प्रकाशनापूर्वीची प्रत पोहोचली, आणि ती प्रसारणासाठी नाही असे त्यांना सांगितले होते. त्यांनी आधी तुकडे वाजवून श्रोत्यांची उत्सुकता चाळवली, मग संपूर्ण गाणे लावले. दोन दिवसांत त्यांनी ते १४ वेळा वाजवले, असे सांगितले जाते. सोमवारी लोक दुकानांत तबकडी मागू लागले, तेव्हा ती अजून बाजारात आलेलीच नव्हती. आपण काउंटरच्या पलीकडे तीस वर्षे उभे राहिलेले आहात, त्यामुळे ज्या मालाची मागणी दारात उभी आहे आणि माल नाही, त्या मालाविषयी कंपनीचे मत किती लवकर बदलते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

लांबीचा हा प्रश्न आपल्या संगीतालाही नवा नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून आपल्या थोर गायकांना तासाभराचा ख्याल तेवढ्या अवधीत बसवावा लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना त्या मर्यादेचे त्यांनी काय सोने केले, हे पाहून मन भरून येते. परंतु तिथे मर्यादा यंत्राची होती. १९७५ साली छोट्या तबकडीवर सहा मिनिटे बसवणे यंत्राला शक्य होते. तीन मिनिटांची भिंत तोवर केवळ सवयीची उरली होती, आणि ती सवय श्रोत्यांची आहे असे समजणारे लोक प्रत्यक्षात स्वतःचीच सवय सांगत होते. मला या गाण्याच्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. श्रोता सहा मिनिटे थांबेल, हा विश्वास चार तरुणांनी दाखवला आणि श्रोता थांबला. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि सलग नऊ आठवडे तिथेच राहिले. तोपर्यंत दहा लाखांहून अधिक तबकड्या विकल्या गेल्या होत्या.

विक्रीच्या धंद्यातला आणखी एक तपशील आपल्याला आवडेल. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला रॉजर टेलर यांचे मोटारीवरचे गाणे होते. तबकडी विकली की दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना मानधन मिळते, त्यामुळे पाठच्या बाजूनेही टेलर यांना भरपूर उत्पन्न दिले.

*प्रश्न : गाण्याचे शब्द वाचले, पण अर्थ लागला नाही. एक मुलगा आईला सांगतो की त्याच्या हातून खून झाला आहे, आणि पुढे गॅलिलिओ, फिगारो, ‘बिस्मिल्ला’ असे काहीही येते. याचा खरा अर्थ काय? — ठाणे*

मर्क्युरी यांनी शेवटपर्यंत अर्थ सांगितला नाही. लोकांनी ऐकावे, विचार करावा आणि स्वतः ठरवावे, अशा आशयाचे उत्तर ते देत. म्हणून ‘खरा अर्थ’ म्हणून जे जे प्रसिद्ध होते ते अंदाज समजावेत, मग ते त्यांच्या खासगी जीवनाविषयी असोत की स्थलांतराविषयी.

शब्दांचे मूळ मात्र सांगता येते. स्कारामूश हे इटालियन लोकनाट्यातले बढाईखोर पण भित्रे पात्र आहे. फिगारो हा ऑपेराच्या रंगभूमीवरचा प्रसिद्ध न्हावी, फँडँगो हे स्पॅनिश नृत्य, आणि बीलझेबब हे सैतानाचे नाव. ‘बिस्मिल्ला’ म्हणजे अल्लाच्या नावाने. इंग्रजी श्रोत्याला तो शब्द चमत्कारिक वाटतो. झांझिबारमध्ये जन्मलेल्या आणि मुंबईत सुट्ट्या घालवलेल्या मुलाच्या कानाला तो रोजचा असणार, एवढे म्हणायला मला संकोच वाटत नाही. ऑपेराचा भाग हा खटल्याचा प्रसंग आहे : एक बाजू म्हणते त्याला जाऊ द्या, दुसरी म्हणते जाऊ देणार नाही, आणि हे सारे शब्द त्या झटापटीत आरोळ्यांसारखे उडतात. ते अर्थापेक्षा नादासाठी निवडलेले आहेत. ‘गॅलिलिओ’ हा शब्द एकदा खालच्या आणि एकदा वरच्या आवाजात मोठ्याने म्हणून पाहा. त्यातले मोकळे स्वर तोंडात कसे फिरतात ते जाणवेल. आपल्या तराण्यातल्या ‘दिर दिर तानोम’चा अर्थ आपण विचारत नाही, त्याच कानाने हा भाग ऐकावा असे मला वाटते.

सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीज या लिलावगृहाने मर्क्युरी यांच्या वस्तूंचा लिलाव केला, तेव्हा या गाण्याची हस्तलिखित टिपणे जगासमोर आली. ती एका विमान कंपनीच्या कोऱ्या कागदांवर आहेत. त्यांपैकी एका पानावर ‘मंगोलियन रॅप्सडी’ असे लिहून पहिला शब्द खोडला आहे आणि वर ‘बोहेमियन’ लिहिले आहे. ती पाने सुमारे १३ लाख ८० हजार पौंडांना गेली. मला त्या रकमेपेक्षा ती खोडाखोड अधिक बोलकी वाटते. आभाळातून एका दमात उतरले असेल असे वाटणारे हे गाणे शब्दाशब्दाने बदलत, पारखत लिहिलेले आहे.

*प्रश्न : जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ याच गाण्याचा, असे आमच्या माध्यम-अभ्यासक्रमात शिकवले गेले. ते बरोबर आहे का? — नाशिक*

‘पहिला’ हा शब्द सोडून द्यावा. गाण्यांच्या प्रसिद्धीसाठी चित्रफिती त्याआधीही होत होत्या. बीटल्सनी १९६०च्या दशकातच तशा केल्या होत्या. या चित्रफितीचे महत्त्व असे की, तिचे यश पाहिल्यावर प्रत्येक मोठ्या गाण्यासोबत चित्रफीत हवी, असे कंपन्यांना वाटू लागले.

तिची गरज अगदी व्यावहारिक होती. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात कलाकार तबकडीवर ओठ हलवत. बँड दौऱ्यावर निघणार होता, आणि शिवाय चौघांनी शंभर आवाजांवर ओठ हलवणे शोभलेही नसते. म्हणून १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री स्टुडिओत, जिथे दौऱ्याची तालीम चालली होती तिथेच, दिग्दर्शक ब्रूस गावर्स यांनी तीन-चार तासांत चित्रण उरकले. खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास आला. अंधारातून वर पाहणारे चार चेहरे ही प्रतिमा बँडच्या १९७४ सालच्या ‘क्वीन २’ या अल्बमच्या मुखपृष्ठावरून घेतली आहे. ते छायाचित्र मिक रॉक यांचे. चेहऱ्यांच्या रांगा मागे मागे विरत जातात, तो परिणाम कॅमेरा त्याच्याच चित्राच्या पडद्याकडे रोखून साधला आहे; दोन आरसे समोरासमोर ठेवल्यावर जे दिसते, तसेच. दहा दिवसांनी ती चित्रफीत प्रसारित झाली आणि आणखी नऊ दिवसांनी गाणे पहिल्या क्रमांकावर होते.

*प्रश्न : समीक्षकांनी हे गाणे लगेच उचलून धरले का? आणि आजच्या मुलांना ते कसे माहीत? माझी दहावीतली मुलगी ते तोंडपाठ म्हणते. — मुंबई*

सर्वांनी नाही. ‘मेलडी मेकर’ या तेव्हाच्या वजनदार साप्ताहिकाच्या समीक्षकाने ऑपेराच्या भागाची तुलना उपनगरातल्या हौशी संगीत मंडळीच्या प्रयोगाशी केली होती. ज्यांना गाणे आवडले नाही त्यांची बाजू अगदीच निराधार नव्हती. सहा तुकडे केवळ एकापुढे एक ठेवले आहेत, असे पहिल्यांदा ऐकताना वाटू शकते. मलाही तसे वाटले होते. दहाव्यांदा ऐकताना मात्र ध्यानात आले की मे यांची गिटार संथ गीतातून ऑपेरात जाण्याचा पूल बांधते. मूळ चाल गिटारवर नुसती परत न वाजवता तिला शोभेल अशी वेगळी छोटी सुरावट त्यांनी रचली, आणि एरवी गिटारचे थरावर थर चढवणाऱ्या मे यांनी ती इथे एकाच ट्रॅकवर वाजवली. म्हणून त्या ठिकाणी गाणे एकदम एकाकी होते, आणि पुढची गर्दी अंगावर येते. मे यांची ती गिटारही त्यांनी वडिलांच्या मदतीने घरी, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून तयार केलेली आहे.

१९७७ साली ब्रिटनच्या रेकॉर्ड उद्योगाने मागच्या २५ वर्षांतील सर्वोत्तम ब्रिटिश सिंगल म्हणून हे गाणे आणि प्रोकोल हॅरम या बँडचे एक गाणे यांची बरोबरीने निवड केली. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी यांचे एड्समुळे आलेल्या न्यूमोनियाने निधन झाले. पुढच्याच महिन्यात गाणे पुन्हा प्रकाशित झाले, आणखी पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आले. अमेरिकेत १९७६ साली ते नवव्या क्रमांकापर्यंतच गेले होते; १९९२ साली ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात मोटारीत बसलेले मित्र ते गाताना दिसले आणि मूळ ध्वनिमुद्रण तिथे दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. आपल्या मुलीच्या पिढीपर्यंत ते बहुधा २०१८च्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे आले असेल. त्या चित्रपटातील भूमिकेसाठी रामी मालेक यांना ऑस्कर मिळाले. दर वेळी निमित्त वेगळे होते; टेप मात्र १९७५ची तीच, झिजलेली.

*प्रश्न : आमच्या चर्चच्या गायनवृंदात २२ जण आहेत. नाताळानंतरच्या स्नेहसंमेलनात हे गाणे प्रत्यक्ष गाण्याची आमची इच्छा आहे. बँड ते मंचावर कसे गात असे? आम्हाला जमेल का? — मडगाव*

बँड ते मंचावर संपूर्ण गात नसे. तिघांना तेवढे आवाज काढणे शक्य नव्हते आणि तसा देखावाही त्यांना करायचा नव्हता. म्हणून ऑपेराचा भाग टेपवर लावत, तेवढा वेळ चौघेही मंच सोडून जात, आणि रॉकचा भाग सुरू होताच प्रखर उजेडात परत येत. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात त्यांनी फक्त आरंभीचे संथ गीत घेतले आणि तिथूनच पुढच्या गाण्याकडे वळले.

म्हणजे जे त्यांना जमत नव्हते ते आपल्याला जमू शकते. त्यांच्याकडे तीन गळे होते, आपल्याकडे २२ आहेत. गोव्यात पॅरिश शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी शिकवली गेली, मांडो हा तिथला गीतप्रकार दोन-दोन आवाजांच्या मेळाने गायला जातो, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात हार्मनी रुजवली तीही मोठ्या प्रमाणात गोमंतकीय वादकांनी आणि संयोजकांनी. आपल्या मंडळींचे कान तयार आहेत.

तालमीसाठी काही गोष्टी सुचवते. प्रत्येक भागाची लय स्वतंत्र बसवा; मूळ गाणे तुकड्यांत मुद्रित झाले आहे, त्यामुळे एकाच लयीचा धागा शोधत बसलात तर फसगत होईल. ऑपेराचा भाग संथ गीताच्या दुपटीत धरला की सांधा सुरळीत लागतो. रॉकच्या भागात तीन-तीन मात्रांचे झोके आहेत. ते सरळ चारच्या ठेक्यात गायले तर सगळा जोर निघून जाईल. ‘मॅग्निफिको’साठी वृंदाचे गट मंचाच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूला उभे करा आणि प्रत्येक गटाला आपला स्वर शेवटपर्यंत धरून ठेवायला सांगा. टेलर यांचा तो उंच स्वर आपल्या सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या गायिका, सहज लावतील. तो एकीलाच द्या, कारण दोघींनी लावला तर त्याची टोकदार धार जाते. शेवटी टेलर यांनी वाजवलेल्या मोठ्या थाळीचा, गाँगचा, एकच टोला आहे. गाँग नसेल तर चर्चमधली एखादी खोल नादाची घंटा चालेल. ती हलकेच वाजवा, आणि तिचा नाद पुरता विरेपर्यंत कोणीही स्वरलिपीचे पान मिटू नये.